मद्रास्याचं लॉज

माझा दुसरा नवरा मद्रासी, असं सगळा भाग म्हणायचा. खरं तर त्यांनी मद्रास कधी पाहिलंही नव्हतं. दक्षिणेत इंग्रजांनी सोन्याच्या खाणी काढल्या, तिथं त्यांचे आजोबा तमिळ मुलखातून मजुरीला आले आणि ती माणसं मग तिथलीच झाली. आजोबा जमिनीखाली उतरायचे, आजी वर खाणकामगारांसाठी खानावळ चालवायची, दोन-चार खाटाही भाड्यानं द्यायची. वडील खोकून खोकून गेले. हे स्वतः मिसरूड फुटायच्या आधीपासून खाणीत होते. वडील गेल्यावर त्यांनी खाण सोडली आणि सोनं शोधत फिरणाऱ्या एका सर्वेच्या पार्टीत स्वयंपाकी म्हणून लागले. ती पार्टी सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या पवनी तालुक्यात आली.

मी कोंढ्याची. पहिल्या नवऱ्यानं टाकल्यावर भावाच्या घरी राहत होते. पार्टीच्या कँपात भाजी चिरायला, भांडी घासायला बाई पाहिजे होती, म्हणून गेले. टेकडीच्या पायथ्याशी तंबू होते आणि वर दिवसभर मशीन घरघरायची. त्या मशीनमधून दगडाचे गोल, गुळगुळीत दांडे निघायचे. ते लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून ठेवत. पांढरं चिखलपाणी खाली लोकांच्या धानाच्या बांध्यांत उतरायचं. सोनं निघून राहिलं असं ऐकून लोक बैलगाड्या जुंपून पाहायला येत, दगड पाहत आणि परत जात.

एकदा कँपात तुरीची डाळ संपली. मी घरून लाखोरीची डाळ आणून दिली. त्यांनी तिचंच सांबार केलं, चाखलं आणि मला म्हणाले, "हम इधर हाटेल डालेगा. खदान होगा, दहा साल में शहर होगा. तू आती क्या?"

 घरी सांगितलं तेव्हा भाऊ तडकला. "त्या मद्रास्याच्या घरी कायले जाऊन राहिली तू? जात ना पात, बोली बी समजत नाई त्याची."

आई चुलीजवळून म्हणाली, "भात खाते ना तो? मंग झालं. इथं तरी कोन तिले इचारून राहिलं?"

भाऊ लग्नाला आला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

भंडाऱ्याच्या रस्त्यावर, पवनीच्या अलीकडे, आम्ही कवेलूच्या छपराच्या चार खोल्या आणि पुढं जेवणाची पडवी असं बांधलं. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. सर्वेचे साहेब, ड्रायव्हर, मशीनवाले उतरायचे. मी भात आणि वांग्याची भाजी करायची, ते रस्सम करायचे. गावातले लोक त्याला आंबट पाणी म्हणत, आणि मागून घेत. पहाटे उठून ते स्वतः खाटांवरच्या चादरी बदलायचे. हे काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही. आजीनं त्यांना लहानपणी हेच शिकवलं होतं.

मग एका उन्हाळ्यात पार्टीनं तंबू काढले. दगडांच्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या. जमिनीतल्या भोकांवर सिमेंट थापून झालं. जाण्याआधी मोठे साहेब आमच्याकडं जेवायला बसले, तेव्हा मीच विचारलं, "साहेब, खदान कधी सुरू होते?"

ते हात धुता धुता म्हणाले, "सोनं आहे बाई. पण दगडात मिठासारखं विखुरलेलं. काढायला गेलं तर काढण्यातच सगळं जाईल."

मला ते नीट समजलं. माझ्या नवऱ्यानं मात्र "आहे" एवढंच ऐकलं. गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, "सुना ना? है बोला साहब."

त्यानंतर खोल्या रिकाम्या राहू लागल्या. कधी शेवटच्या एसटीचा ड्रायव्हर, कधी बैल विकायला निघालेले दोघे-तिघे, एवढंच. मी त्यांच्या मागे लागले. "अहो, भंडाऱ्याजवळ शहापूरच्या पुढं हायवेवर ढाबा टाकू. तिथं ट्रक थांबून राहिले. इथं कोन येते?"

"हम गया और खदान चालू हुआ तो?"

"नाई होत चालू."

ते चिडले नाहीत. उठून कोपऱ्यातल्या खोलीत गेले आणि कोणी न झोपलेली चादर काढून दुसरी घातली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोलले, त्यानंतरही बोलले. मग बोलणं सोडून दिलं.

त्यांची आई वारली तेव्हा ते तिकडं खाणीच्या गावी जाऊन आले होते. तिथं त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ते कळलं पुढं एका दिवाळीनंतर. धानाची कापणी चालू होती. भंडाऱ्याच्या एसटीतून तीन माणसं उतरली, लोखंडी पेट्या घेऊन. एक त्यांचा धाकटा भाऊ, दोघं त्याचे सोबती. तिकडच्या खाणीतून माणसं कमी करत होते. इकडं नवी खाण होणार असं थोरल्या भावानं सांगितलं, म्हणून ही माणसं दोन रात्री रेल्वेत काढून आली होती.

सगळ्या खोल्यांत दिवे लागले. मी कोंबडी कापली. आमच्या पडवीत कधी नव्हे एवढं हसणं चाललं होतं. ते सारखे वाढत होते, सारखे त्यांच्या भाषेत बोलत होते. मला एक शब्द कळत नव्हता, पण बरं वाटत होतं. आपलं माणूस घरच्यांत कसं दिसतं ते मी पहिल्यांदा पाहत होते.

सकाळी ते तिघांना टेकडीवर घेऊन गेले. मीही शिदोरी घेऊन मागून गेले. सिमेंट थापलेल्या भोकांभोवती गवत वाढलं होतं. धाकटा दीर वाकला, गारगोटीचा तुकडा उचलून उन्हात फिरवला, थुंकी लावून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. फेकला नाही. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. माझा नवरा मान हलवत राहिला.

उतरताना मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"बोला, अण्णा, हमारे साथ वापस चलो."

ते गेले नाहीत. पाहुणे आणखी काही दिवस राहिले, मग एसटीत बसले.

त्यानंतर खाटांवर कधी चादरी पडल्या नाहीत. खोकला आधीपासून होता, आता तो वाढला. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, "दगडाच्या धुळीत काम केलं का कधी?" ह्यांनी मान डोलवली. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, ह्याला औषध नाही, आराम द्या. मी आराम दिला. शेवटी शेवटी आडवं झोपता येत नव्हतं, म्हणून भिंतीला पोती लावून त्यांना बसवून ठेवायचे. त्यांच्या तोंडून तेव्हा हिंदी गेली, आमची बोलीही गेली. ते तमिळमध्ये काही मागायचे आणि मला कळायचं नाही. मी पाणी द्यायची. ते नको म्हणून मान हलवायचे.

ते गेले तेव्हा पावसाळा होता. दिराला तार केली, पण तो येईपर्यंत थांबता येत नव्हतं. अंगणात जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, याह्यच्यात जाळते का पुरते?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, पण ही गोष्ट विचारायची असते हे मनातही आलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "जाळा." वैनगंगेच्या काठी ओल्या लाकडांवर रॉकेल ओतावं लागलं.

दीर आठवड्यानं आला. दारात चपला काढून बसला. मी सगळं सांगितलं.  तो हिंदीत, अगदी हळू म्हणाला, "भाभी, हमारे में गाड़ते हैं."  मला दोष दिला नाही. त्यानं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आप चलेगा हमारे साथ?" मी नाही म्हणाले. तिकडं मी कोणाशी काय बोलणार होते?

खोल्या एका राइस मिलवाल्यानं कोंडा ठेवायला घेतल्या. मी कोंढ्याला भावाकडं परत आले. तो आता बोलतो, पण कामापुरतंच. पुढच्या वर्षी दिराचं पत्र आलं. त्यालाही खाणीतून घरी बसवलं होतं आणि खोकला सुरू झाला होता. मी शेजारच्या मास्तरकडून उत्तर लिहून घेतलं. त्यानंतर तिकडून काही आलं नाही.