चिमणाबाईचं राहून गेलेलं लगीन

जिल्हा कोर्टाच्या भिंतीलगत बसून मी अर्ज टाइप करते. समोरचं माणूस रडायला लागलं की माझं डोकं फिरतं. चिमणाबाई रडली नाही. लग्नाची तारीख विचारली, तर माझ्या पलीकडे कुठंतरी बघत ती हसली.

"लगीन व्हायचंय अजून, ताई."

बाई पन्नाशीची, पोरगी लग्नाला आलेली. मला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. सुरगाण्याकडच्या तिच्या पाड्यावर गावजेवण घालायची ऐपत नसली, तर पोरगा-पोरगी नुसतीच एकत्र राहू लागतात. संसार आधी, लगीन सवडीनं. कुणी नावं ठेवत नाही. फक्त पोरांना हळद लागायच्या आधी आईबापाला लागावी लागते, म्हणून कधीकधी एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकतात. मंगळूबरोबर ती अशी पंचवीस वर्षं राहिली. दर वर्षी भात झोडून झालं की लगीन ठरायचं, आणि दर वर्षी दोघं मजुरीला नाशिकला निघायची. पुढं पेठ रोडला त्यांनी खोली बांधली. विटा तिनं वाहिल्या, नाव मंगळूचं लागलं.

आता मंगळू दुसरीबरोबर राहत होता. खोली विकायची म्हणून त्यानं हिचं सामान बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं. "तू माझी कोण? आपलं लगीन कुठं झालंय?" असं वर सुनावलं.

"खरंच हाय ना त्याचं," चिमणाबाई मला म्हणाली. याचाच मला जास्त संताप आला. मी तिला माझ्या ओळखीच्या वकीलबाईंकडे ओढतच नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं, की नवराबायकोसारखं राहिलेल्या बाईलाही कायदा संरक्षण देतो आणि राहत्या घरातून तिला असं हाकलता येत नाही. चिमणाबाईनं दोनदा विचारून खात्री केली.

मग तारखा सुरू झाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून ती अर्धवट डोळे मिटायची आणि मला स्वप्न सांगायची. उंबराच्या डहाळ्यांचा मांडव, सावली हिरवी, पाटावर ती एकटीच. सगळा पाडा जेवतोय, पण आवाज कुणाचाच नाही. हळद लावायला हात पुढं येतो आणि तेवढ्यात कोर्टात तिच्या नावाचा पुकारा होतो. ऐकता ऐकता मलाही ती हिरवी सावली दिसायला लागली. ऊन, काळे कोट, चहावाला, सगळं लांब जायचं. काय सांगू, मी त्या मांडवात जेवून आल्यासारखी घरी जायची.

शेवटी आदेश झाला. केस संपेपर्यंत मंगळूनं तिला घरातून काढायचं नाही आणि घर विकायचं नाही. कुलूप निघालं.

पंधरवड्यात मुलीचं, सविताचं लगीन ठरलं, आणि मंगळू पाड्यावरच्या झिपरू आजांना घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आला. चिमणाबाई तिथंच होती.

"पोरीच्या मांडवात आपलंबी उरकू," तो म्हणाला. "तू केस मागं घे."

"मंग घरी राहशील?"

मंगळूनं झिपरू आजांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नुसती हळद लावून घेऊ. लोकांचं तोंड बंद होईल."

चिमणाबाईचे डोळे पुन्हा तसेच लांब गेले. ती नाही म्हणो असं मला वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, एकदा तरी तिच्या अंगाला ती हळद लागो असंही फार वाटत होतं.

"नको," ती म्हणाली.

झिपरू आजा कळवळून म्हणाले, "आईबापाला हळद नाय, तर पोरीला कशी लावावी, बाय?"

"आजा, पंचवीस वरसं बिनहळदीचा संसार केला, तो कोर्टानं मानला. आता तुमीबी माना." मग ती मंगळूकडे वळली. "तू मांडवात ये. सविताचा बाप हायेस. पोटभर जेव, आन् तुझ्या घरी जा."