मामीची बियर

मी नकला करायचो. हेडमास्तरांचा खोकला, पोस्टमनचं सायकलवरून उतरणं, भटजींचा ढेकर देत दिलेला आशीर्वाद, सगळं. मॅट्रिक झालो होतो, नोकरी मिळत नव्हती, त्यामुळे मालवणात निम्म्या लोकांची फुकट करमणूक होत होती. पण खरी कामाला आलेली नक्कल एकच, माझ्या मामाची. तिला प्रेक्षकही एकच. मामी.

मामा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी. वर्ष-दोन वर्षांनी यायचा, थोडे दिवस राहायचा, परत जायचा. राहायचा म्हणजे पडवीत बसून बंदराकडे बघायचा. त्या साली चैत्रात आला तेव्हा डोकं पिकलं होतं, उठताना गुडघा धरत होता. तरी म्हणायचा, शेवटच्या बोटीनं मुंबईला जाणार आणि तिथून पुढं. पावसाळ्यात आमच्याकडे बोटी बंद. ती शेवटची बोट चुकली की माणूस नारळी पुनवेपर्यंत घरचा. हे मामीनं बरोबर हेरलं होतं.

एकदा नारळ खवता खवता ती म्हणाली, "ह्या पावटी त्येंका जावक देवचंय नाय."

"दोरयेन बांधून ठेवतलंस काय गो?"

"गप रे मेल्या. त्येंका हय काय कमी पडता, ता विचार. माका सांगूचे नाय, तुका सांगतले."

मी विचारलं. मामा आधी हसला. म्हणाला, "सगळा आसा रे. फक्त थंडगार बियर नाय." मग त्यानं मला ती बियर सांगितली, धान्य कसलं, चव कशी कडू, वर फेस कसा, सगळं. दिवसभर ओझी ओढून परक्या बंदरात उतरायचं, एका गल्लीतल्या दुकानात जाऊन टेकायचं. तिथली म्हातारी काही न विचारता ग्लास भरून समोर ठेवायची. "न विचारता," हे तो दोनदा म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि मामा झालो. गुडघा धरून पाटावर बसलो. नसलेला ग्लास उचलला, नसलेली मिशी पुसली, डोळे मिटले, खांदे खाली सोडले आणि म्हटलं, "हाऽऽ!" मामीनं नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. मग लक्षात आलं तशी मला पळी दाखवली.

"कडू म्हणजे कसा? कारल्यासारख्या?"

"नाय. गिळल्यावर मागसून येणारा कडू."

"मगे किरायता." तापावर आम्ही सगळे नाक दाबून जे प्यायलोय, तेच. "आणि धान्य कसला?"

"मोड काढून भाजलेला."

"मगे ता नाचणीचा सत्वच की रे! बाळांका भरवतत ता." मामीला मूल नव्हतं, पण आळीतल्या सगळ्या बाळांचं सत्व तीच करून द्यायची. "आणि वर?"

"वर पांढरो, दाट फेस."

तेव्हा दारूबंदी होती. नीरा मात्र चालायची. सकाळी आणलेली नीरा उन्हात विसरली की दुपारपर्यंत ती आपली आपणच आंबते, त्याला कायदा काय करणार? मामी रोज न चुकता विसरायची. भाजलेली नाचणी उकळून, पाणी गाळून त्यात किरायत्याचा काढा आणि थोडा गूळ घातला, निवल्यावर नीरेचा तो आंबलेला गाळ टाकला, आणि सगळं लोणच्याच्या मोठ्या बरणीत घालून वर फडकं बांधलं.

पहिला ग्लास माझ्यापुढे आला. वर पांढराशुभ्र, बोटभर जाड थर. मी घोट घेतला आणि म्हटलं, "मामी, ह्या वर काय गो?"

"फेस."

ते नारळाचं दूध होतं. पांढरं आणि दाट म्हटल्यावर मालवणी बाईचा हात दुसरीकडे कुठे जाणार? मी पाटावरून लोळलो. ती आधी रागावली, मग तीही हसून हसून डोळे पुसायला लागली. "मगे फेस येता खंयसून, विचार तुझ्या मामाक!"

मामानं सांगितलं. बाटलीत भरताना चिमूटभर साखर टाकायची, बूच घट्ट बांधायचं, थोडे दिवस थांबायचं. मग डोळे बारीक केले. "तुका कित्याक व्हया रे?"

"नकलेक."

पुढच्या वेळी बाटल्या कळशीत घालून विहिरीत सोडल्या. संध्याकाळी मामा पडवीत बसला होता. मामीनं काही न विचारता ग्लास त्याच्याजवळ ठेवला आणि दाराआड गेली. मी समोरच. तो "हाऽऽ" मला अस्सल बघायचा होता.

मामानं ग्लासाकडे बघितलं, मग दाराकडे. वास घेतला. प्यायला. "हाऽऽ" आलाच नाही. ग्लास मात्र खाली ठेवला नाही.

"कोणी केल्यान ह्या?"

दाराआड बांगड्या वाजल्या.

मामानं ग्लास रिकामा केला, घसा खाकरला. "किरायता जास्त झाला. आणि नाचणी करपली."

मामी बाहेर आली. "मगे तुमी दाखवा भाजून!"

दुसऱ्या दिवसापासून मामा पडवीत दिसेना. चुलीपुढे बसून नाचणी परतायचा. मामी म्हणायची "उतरवा", तो म्हणायचा "वायच थांब", आणि मला कोणी विचारत नव्हतं. दोघांची तोंडं दिवसभर चालू. पण बोटीचं नाव कोणी काढत नव्हतं. तो जातो म्हणाला नाही, राहतो म्हणाला नाही, आणि मामीनंही विचारलं नाही. नुसती बारीक होत चालली होती.

शेवटची बोट लागली त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा मामी निवडत होती ते तांदूळ तिच्या हातातच राहिले. मामा कोपऱ्यात बरणीला कान लावून बसला होता.

"बोट लागली," मामी कशीबशी म्हणाली.

"गप गो," मामा म्हणाला, "आयकूक दी. आताच खंय बुडबुडे फुटूक लागले."

मामी जागची उठली. बरणीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि पदर मागे सारून तिनंही कान लावला. आत बारीक चिरचिर चालली असणार. भोंगा परत झाला. दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.