कस्टममध्ये राहिलेली मोटारसायकल

मी तेव्हा जर्मन शिकत होते, म्हणून क्लासच्या बाईंनी एक जर्मन जोडपं माझ्याकडे पाठवलं. दोघंही साठीच्या आसपासची. तो निवृत्त शिक्षक, ती दातांची डॉक्टर. मोटारसायकलींवरून भारत बघायला आली होती. गाड्या लाकडी पेट्यांतून जहाजाने मद्रासला आणि तिथून रेल्वेने हैदराबादच्या कंटेनर डेपोत पोचल्या होत्या. त्या सुटेपर्यंत दोघं बरकतपुऱ्यात आमच्या घरी उतरली.

देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात रोज छापून येत होतं. डेपोतले कस्टमचे साहेब मात्र सावकाश काम करत होते. हमालांनी आधी तिची पेटी फोडली. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळला, शिक्का पडला. मग त्याची पेटी. साहेबांनी इंजिन पुसलं, वाकून दोनदा बघितलं.

"इंजन का नंबर अलग है, अम्मा," ते मला म्हणाले. "कैसा छोडूं मैं?"

मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. जुनं इंजिन बिघडल्यावर त्याने दुसरं बसवून घेतलं होतं, कागदात बदल करायचा राहून गेला होता. आता जर्मनीहून नवा कागद येईपर्यंत गाडी मिळणार नव्हती.

तिने तोवर आपल्या गाडीचं पुढचं चाक बसवलं, बॅटरी जोडली. टाकी रिकामी करूनच गाडी पाठवावी लागते, म्हणून मी रिक्षाने जाऊन डब्यातून पेट्रोल आणलं. गाडी सुरू झाल्यावर हमालांनी टाळ्या वाजवल्या. तो मात्र आपल्या पेटीवर परत फळ्या ठोकल्या जाताना बघत उभा होता.

जेवताना ती म्हणाली, "मी उद्या बिदरला जाऊन येते."

मी ते मराठीत सांगितलं, तर आईचा घास हातातच राहिला. "आणि यांना इथे ठेवून?"

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "दोघांनी बसून काय करायचं?"

ती गेली. संध्याकाळी बिदरहून फोन आला. गुलबर्गा तिथून जवळच आहे म्हणाली. मग गुलबर्ग्याहून आला, मग विजापूरहून. फोन ठेवला की तो नकाशा उघडून बसायचा. सकाळी माझ्याबरोबर आबिड्सला फॅक्सच्या दुकानात जाऊन कागदाची चौकशी करायचा, दुपारी आईबरोबर मटार सोलायचा. आई दखनीत बोलायची, तो जर्मनमध्ये. काही दिवसांनी मी मध्ये पडणं सोडून दिलं.

अखेर कागद आला, गाडी सुटली. त्या संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, "विजापूरलाच थांब. मी उद्या येतो."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. रिसीव्हर ठेवून त्याने बाबांना विचारलं, "कोल्हापूर किती लांब आहे?"

दुसऱ्या दिवशी तो निघाला. आईने दशम्या बांधून दिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला दोघं परतताना पुन्हा आमच्याकडे आली. उन्हाने रापली होती, तो बराच वाळला होता. आईने पाणी देता देता मला म्हटलं, "विचार त्यांना, बायकोला कुठे गाठलं."

"गोव्यात," तो म्हणाला.

"तिथे मी आजारी पडले," ती म्हणाली, "म्हणून सापडले."

तो हसला. आईने मात्र तिच्या कपाळाला हात लावून बघितला.