विमान हलकं करणारे साडू

विमानातल्या प्रवाशाला कमरेचा पट्टा बांधायला लावता लावता त्याच्या उसाची, म्हशीची आणि व्याह्यांची चौकशी करणारा कर्मचारी साऱ्या जगात एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. कंपनीने त्यांना टाय दिला, इंग्रजी शिकवलं, हळू बोलायचं प्रशिक्षण तर दोनदा दिलं. पण ‘पावणं, पट्टा लावा की! का आमच्या अंगावर येऊन पडताय?’ हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आर्जव काही सुटलं नाही. मुंबईहून कोल्हापूरला येताना एका म्हातारीने ढग बघून डोळे गच्च मिटले, तेव्हा हे तिच्याशेजारी उकिडवे बसून, विमान खाली उतरू लागेपर्यंत तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकत राहिले होते.

कंपनीत ते नोकर होते, पण कुणी ‘आमच्या म्हशी’ म्हणावं तसं ते ‘आमची विमानं’ म्हणत. त्यामुळे कंपनी तोट्यात गेली आणि खर्च कमी करायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी तो घरचाच निरोप समजून मनावर घेतला. वजन कमी तर तेल कमी, म्हणून कंपनीने विमानातली मासिकं काढली, गरम जेवण बंद केलं. साडूंनी स्वतःचं वजन कमी करायला घेतलं. सुट्टीवर आले की रंकाळ्याभोवती धापा टाकत पळत. रविवारी आमच्याकडे पांढरा रस्सा पुढे आला, तर वाटीवर हात आडवा.

“भावजी, एका वाटीनं काय विमान पडतंय व्हय?” माझ्या बायकोने विचारलं.

“पडत न्हाय, पण तेल खातंय,” साडू गंभीरपणे म्हणाले. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाने कंपनीसाठी याहून मोठा त्याग केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

ते युनियनच्या कमिटीतही होते. सगळ्यांनी पगार कमी करून घ्यायचा आणि त्या बदल्यात कुणालाही कामावरून काढायचं नाही, असा करार मालकांनी पुढे केला. निम्मे लोक विरोधात होते. साडू एकेकाला गाठून सांगत सुटले, “घरात आजारी माणूस असलं, तर आपण दोन घास कमी खातो की न्हाय?”

त्यांच्या हाताखाली तयार झालेली कोडोलीची एक मुलगी होती. तिला दुसऱ्या विमान कंपनीने बोलावलं होतं. निर्णय घेण्याआधी ती साडूंच्या घरी आली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

“दादा, खरं सांगा. कंपनी टिकंल?”

“टिकंल की! मी हाय न्हवं?”

तिने दुसरी नोकरी नाकारली आणि करारावर सही केली. हळूहळू बाकीच्यांच्याही सह्या झाल्या, तशी साडूंनी गल्लीत पेढे वाटले; स्वतः मात्र एकही खाल्ला नाही.

कंपनीने तो करार अक्षरशः पाळला. कुणालाही काढलं नाही. भाड्याने घेतलेली विमानं मूळ मालक एकेक करून घेऊन गेले, आणि एके सकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला की आजपासून उड्डाणं बंद. कंपनीच उरली नाही, तर काढणार कुणाला?

साडू आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग मला म्हणाले, “कोडोलीला येता काय? एकट्यानं जायचं धाडस हुईना.” आम्ही गेलो. मुलीच्या आईने चहा ठेवला. साडूंनी कपाला हातही लावला नाही. “पोरी, माझं चुकलं,” एवढंच म्हणाले.

“राग न्हाय दादा,” ती म्हणाली. “तुमीबी बुडालाच की आमच्यासंगं.” आणि तिने त्यांच्यापुढे कप सरकवला. तिने शिव्या दिल्या असत्या, तर साडूंना सोपं गेलं असतं, असं मला वाटलं.

आता ते कागलजवळच्या एका कारखान्यात गाड्यांची ये-जा बघतात. मी एकदा विचारलं, “करार झाला नसता, तर कंपनी वाचली असती?”

“वाचली नसतीच. जरा आधी मेली असती,” ते म्हणाले. “पर ती पोरगी तरी वेळंत दुसरीकडं गेली असती.”

तिला पुढे बेळगावच्या विमानतळावर तिकीट-खिडकीवरची नोकरी मिळाली; पुन्हा विमानात काम करायचं राहिलं ते राहिलंच. मध्यंतरी एका लग्नासाठी आम्ही दोघे बेळगावला गेलो होतो. विमानतळाचा फाटा आला, तसा मी म्हणालो, “चला, तिला भेटून येऊ.”

“नको,” साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मला बघून ती हसंल, साडूभाऊ. त्ये मला बघवायचं न्हाय.”