पिशवीतली दुसरी बासरी

मंडळी, घरी येऊन तास झाला तरी आजचं डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेच.

आज भाचीचा साखरपुडा होता, इथंच जुळे सोलापुरात. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चारचौघांत गाणार होती. साथीला माझी बासरी.

अक्काची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पहिल्यापासून काळी चार. पण सरावात वरचा सा लावताना तिच्या मानेची शीर तटतटून फुगायची. "पट्टी खाली घेऊ या का?" हे विचारायची माझी हिंमतच झाली नाही. आवाज गेला असं आम्ही धरून चाललोय, असं तिला वाटलं असतं.

पेटीवाले काका दुसऱ्या सुरावर बोट ठेवतात, झालं. बासरीची पट्टी मात्र बांबूतच ठरलेली असते. पट्टी बदलायची तर बासरीच बदलावी लागते. म्हणून खालच्या पट्टीची, पांढरी चारची लांब बासरी मी पिशवीत आहेराच्या साडीखाली लपवून नेली होती.

काकांनी काळी चारचा सा धरला. तेवढ्यात अक्काला पिशवीतून बासरीचं टोक दिसलं.

"ही खालच्या पट्टीची हाय व्हय?"

"हो."

"अगं मग बोलायचं की! तुझ्याकडं एकच बासरी हाय म्हणून मी इतके दिवस नरडं ताणतीय!"

अक्का पांढरी चारमध्ये गायली. वरचा सा अलगद लागला. फुंक अडखळली ती माझीच.

तुमच्या घरात कोण तुमच्यासाठी गुपचूप असं स्वतःला ताणतंय? विचारलंत कधी?