बांध सुस्थितीत

आमचं गाव वाशीच्या पुढे, खाडीला लागून. भातशेती खाजणातली, म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेली. बांध फुटला की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावतो. शेत कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

त्या वर्षी लाँच आणि बार्ज चालावेत म्हणून सरकारने खाडी खोल केली. बार्जच्या लाटा बांधावर आपटत राहिल्या आणि भात पोटरीला आलं असताना आमच्या शेताशी बांध फुटला. खारं पाणी आत शिरलं. पुढच्या भरतीच्या आत गावाने चिखल-दगड टाकून भगदाड बुजवलं. त्या रांगेत मीही होते.

तिथेच आमचं चुकलं. पाऊस संपल्यावर भरपाईच्या पाहणीला प्रकल्पाचे इंजिनिअर आले, तेव्हा भगदाड कुठे होतं तेच त्यांना दिसेना. त्यांना मराठी येत नव्हतं. बाबांनी मला पुढे केलं. अनोळखी माणसासमोर माझे शब्द घशातच राहतात.

“बोल ना गं,” आत्या म्हणाली. “इंग्रजी शालेची फी काय गप बसाला भरली?”

साहेबांचं म्हणणं, बांध धड आहे तर नुकसान कसलं? पंचनाम्यापर्यंत थांबायला हवं होतं. मी ते मराठीत सांगितलं.

मागून कोणीतरी म्हणालं, “परत फोरून दाखवू का सायबाला?” सगळे हसले. बाबा सोडून.

“सांग त्यांना, पैसे नाय दिले तरी चालंल. बांधाला हात लावनार नाय.”

मी सांगितलं. आणि एक वाक्य माझं जोडलं: तुमची वाट पाहिली असती, तर साऱ्या गावाचा पंचनामा करावा लागला असता.

आत्याने पांढरं पडलेलं एक ढेकूळ त्यांच्यापुढे धरलं. “चाखा.” याचं भाषांतर करावं लागलं नाही. त्यांनी माती जिभेला लावली आणि तोंड वाकडं करून थुंकले.

“आता या मातीन भात लावून दाखव म्हनावं!”

भरपाई मिळाली, पण फक्त पिकाची. अहवालात ‘बांध’ या शब्दापुढे लिहिलं होतं: सुस्थितीत, नुकसान नाही. बांध फुटला त्या दिवशी टोपल्या उचललेली सगळी माणसं बाबांनी अंगणात बोलावली आणि मला ती ओळ मराठीत वाचायला लावली.

“परत वाच,” ते म्हणाले. “मागं ऐकू नाय गेलं.”

दुसऱ्यांदा माझा आवाज पार विहिरीपर्यंत गेला, असं आत्या अजून सांगते.