चौदा खोल्यांचं इटालियन

मावशी आणि मी एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर खोल्या आवरतो. दिवसाला चौदा. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मावशी साठीला टेकलेल्या, गुडघे कधीचे बोलायला लागलेले. त्यात या बाईंनी इटालियनच्या वर्गात नाव घातलं. दुष्काळात तेरावा महिना, असं मी तोंडावरच म्हटलं.

पण कारण होतं. मुलगा इटालियन सुनेबरोबर तिच्याच देशात राहिलेला आणि पाच वर्षांच्या नातीला फक्त आईची भाषा येणारी. आपली भाषा शिकवायला वेळ झाला नाही म्हणे! मला अजून राग येतो. रविवारी फोनवर आजी दिसली की पोरगी मिनिटभर बघायची आणि पळायची. मावशींना एकदा तिच्याशी बोलायचं होतं, बस.

वर्गात मास्तर स्टेशनचा रस्ता विचारायला शिकवत. मावशींना कुठल्या स्टेशनवर जायचंय? शेवटी मास्तरच म्हणाले, "वर्गाबाहेर बोला, त्याशिवाय जीभ वळायची नाही." मग मावशींनी एकशे बारा नंबरच्या खोलीत उतरलेल्या इटालियन आजोबांना गाठलं. आमच्या नियमाप्रमाणे दार तीनदा वाजवायचं, थांबायचं, मग विचारायचं, "आत्ता आवरू की नंतर येऊ?" मावशी ते इटालियनमध्ये विचारायच्या, आजोबा उच्चार सुधारून द्यायचे. टॉवेल हवा का, उशी बदलू का, एवढ्यावर गाडी पोचली, आणि दोन महिन्यांनी आजोबा आपल्या घरी गेले.

"एवढी मरमर करून कामवालीचंच बोलणं शिकले गं," मावशी म्हणाल्या. चादरीचं टोक हातात तसंच राहिलेलं. एरवी मी चेष्टा केली असती. त्या दिवशी त्यांचंही टोक मीच खोचलं.

पुढच्या रविवारी आम्ही चादरींच्या खोलीत डबे उघडले तोच मुलाचा फोन आला.

"आई, आज राहू दे. पोरगी रुसून कॉटखाली शिरलीय. कुणाचं ऐकत नाहीये."

"फोन तिच्याजवळ जमिनीवर ठेव."

पडद्यावर अंधार आणि एक छोटा मोजा. मावशींनी तोंड उघडलं, मिटलं. पाठ केलेलं सगळं ऐन वेळी पळालं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मग सवयीने त्यांनी टेबलावर बोटांनी तीनदा टकटक केली. थांबल्या. आणि इटालियनमध्ये विचारलं, "आत्ता आवरू की नंतर येऊ?"

हे वाक्य ऐकून ऐकून मलाही पाठ होतं. मी कपाळावर हात मारला.

मग कॉटखालून बारीकसा आवाज आला. एक शब्द. जरा थांबून आणखी दोन. मोजा हळूच फोनच्या जवळ सरकला.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"नंतर, म्हणाली." त्यांनी पदराने डोळे पुसले. "हॉटेलातल्या पाहुण्यांचं 'नंतर' जन्मभर ऐकलं गं. ही म्हणाली, 'नंतर, पण ये.'"